स्प्लेंडरचं इंजिन वाजतंय: आवाज ओळखायचा कसा आणि इंजिन खोलायचं कधी

इंजिन वाजायला लागलं की बहुतेक गॅरेजांत दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, "चालू द्या, काही होत नाही." दुसरं, "फुल इंजिन करावं लागेल," म्हणजे क्रँककेस फोडून सगळं नव्याने बांधावं लागेल. खरं उत्तर बहुतेक वेळा या दोन्हींच्या मध्ये असतं आणि ते शोधायला फार अवजारं लागत नाहीत. फीलर गेज (फटी मोजायची पातळ पानं), टॅपेटची (व्हॉल्व्हची फट कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूची) चावी, लांब स्क्रू ड्रायव्हर, कॉम्प्रेशन गेज, एक लोहचुंबक आणि रविवारची सकाळ एवढं पुरतं. इंजिन खोलायचा निर्णय कानावर घेऊ नका. कान फक्त कुठे बघायचं ते सांगतो, निर्णय मापावर घ्यायचा असतो.

हे सगळं ९७.२ सीसीच्या आडव्या इंजिनाबद्दल आहे. १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर, तिच्या आधीची सीडी १०० आणि नंतरच्या पॅशन, सीडी डॉन, एचएफ डिलक्स या सगळ्या याच घराण्यातल्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी, सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड केलेला. त्यामुळे हेड समोर येतं, इनटेक व्हॉल्व्ह वर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली. टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमला फिरवणारी) आणि मॅग्नेट (क्रँकवर बसलेलं, वीज तयार करणारं चाक) डाव्या बाजूला, क्लच आणि प्रायमरी गिअर उजव्या बाजूला. ही रचना डोक्यात पक्की बसवा, कारण आवाज कुठून येतो यावरच अर्धं निदान होतं.

आधी ऑइल, मग बाकी सगळं

गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करा. इंजिन तीन मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून भोकात नुसती टेकवा, आटे फिरवून आत बसवू नका. फिरवून बसवली तर लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि हीच चूक सर्रास होते. या इंजिनात ऑइल बदलताना ७५० मिली लागतं, इंजिन पूर्ण खोलून बांधलं तर ९०० मिली. एवढ्याशा ऑइलमधलं दोनशे मिली जळालं तरी हेडला आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरला (चेन ताणून धरणाऱ्या भागाला) पुरेसं पोचत नाही, आणि इंजिन असं वाजतं की आतलं सगळं संपलंय असं वाटावं. लेव्हल कमी निघाली तर भरा, २० किलोमीटर चालवा आणि मग पुन्हा ऐका.

कमी नसेल तरी ऑइल काढूनच बघा. गरम इंजिनातलं ऑइल स्वच्छ, पसरट ट्रेमध्ये काढा, ट्रे उन्हात तिरका धरा आणि तळाशी लोहचुंबक फिरवा. चुंबकावर काजळीसारखा बारीक करडा लेप आला तर ती नेहमीची झीज. बोटात टोचतील असे चमकदार कण किंवा चपटे तुकडे आले तर बेअरिंग, गिअर किंवा रॉडचे रोलर कुठेतरी सोलले जात आहेत. चुंबकाला न चिकटणारी चांदीसारखी चमक म्हणजे अॅल्युमिनियम, म्हणजे बहुतेक वेळा पिस्टन घासलाय. या इंजिनाला बाहेरून बदलायचा ऑइल फिल्टर नाही. खाली जाळी असते आणि उजव्या बाजूला क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर. तो १२,००० किलोमीटरला उघडून साफ करायचा असतो, पण बऱ्याच गाड्यांचा वर्षानुवर्षं उघडलेलाच नसतो. त्याच्या आत साठलेला चिखल बोटावर घेऊन चोळा. लोण्यासारखा मऊ असेल तर ठीक, वाळूसारखा कचकचला तर एअर फिल्टरमधून धूळ आत जाते आहे आणि रिंगा झिजत आहेत.

इंजिनाबाहेरचे आवाज आधी काढून टाका

सायलेन्सरच्या बेंडचं पॅकिंग फुटलं की थंड इंजिनावर फट-फट आवाज येतो आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा वाटतो. सुरू केल्या-केल्या, पाइप तापायच्या आत, बेंडच्या जोडाजवळ हात धरा. फुंकर लागली तर पॅकिंग बदला. इंजिन माउंटिंगचे बोल्ट, सायलेन्सरचं कव्हर, चेन कव्हर, फूटरेस्ट हे एकेक करून हाताने दाबून धरा. चेन-स्प्रॉकेटची खरखर वेगळी काढायची तर उतारावर इंजिन बंद करून क्लच दाबून गाडी सोडा. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नाहीच.

ही कामं मोकळ्या हवेत करा. बंद शेडमध्ये चालू इंजिनाजवळ कान लावून बसणं जिवावर बेतू शकतं.

आवाजांची भाषा

स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा. हेड, ब्लॉक, डावं कव्हर, उजवं कव्हर, क्रँककेसचा खालचा भाग अशी जागा बदलत जा. जिथे आवाज सगळ्यात कोरडा आणि जवळचा वाटतो ती जागा. इंजिन आयडलला साधारण १४०० आरपीएमवर असू द्या. त्या वेगाला क्रँक सेकंदाला तेवीस-चोवीस वेळा फिरतो आणि कॅम त्याच्या निम्म्या वेगाने. म्हणून टॅपेटचा आवाज सुटा-सुटा, मोजता येईल असा वाटतो आणि क्रँक-पिस्टनचा आवाज दाट वाटतो. हा फरक एकदा कानात बसला की पुष्कळ गोंधळ मिटतो.

टिकटिक, बारीक, शिवणयंत्रासारखी, हेडजवळ: टॅपेट. इंजिन गरम झाल्यावर थोडा फरक पडतो, लोड दिल्याने पडत नाही.

खरखर किंवा सरसर, डाव्या बाजूला, आयडलला आणि रेस सोडताना जास्त: टायमिंग चेन. या इंजिनाचं हे सगळ्यात ठरलेलं दुखणं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर तीन-चार सेकंद खरखर करून शांत होत असेल तर टेन्शनरमधलं ऑइल रात्रीत उतरलेलं असतं. त्यासाठी घाई नको. शांत होतच नसेल तर मात्र काम काढा.

खडखड, उजव्या बाजूला, क्लच लिव्हर दाबला की बदलते: क्लच हाउसिंगचे डॅम्पर किंवा क्लचचे खाचे. इंजिनाच्या पोटातलं दुखणं म्हणून याच आवाजावर विनाकारण इंजिनं खोलली जातात. लिव्हर दाबून बघायला दोन सेकंद लागतात.

ठकठक, बोथट, थंड असताना जोरात आणि गरम झाल्यावर कमी: पिस्टन बोअरमध्ये हलतोय. गरम झाल्यावर बंद होत असेल, धूर नसेल आणि ऑइल कमी होत नसेल तर अशी गाडी पुष्कळ चालते.

खणखण, धातूवर धातू आपटल्यासारखी, गरम झाल्यावर वाढणारी, तिसऱ्या-चौथ्या गिअरला रेस देताना किंवा सोडताना ठळक होणारी: कनेक्टिंग रॉडचं बिग एंड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं क्रँककडचं टोक. ही एक खूण मिळाली तर गाडी चालवणं थांबवा. रॉड तुटला तर तो क्रँककेस फोडून बाहेर येतो.

आयडललाच तीक्ष्ण, जोडीने येणारी टक-टक: पिस्टन पिन, म्हणजे स्मॉल एंड.

गुरगुर, घरघर, वेग वाढेल तशी वाढणारी, फूटरेस्टमध्ये जाणवणारी, क्लच दाबूनही तशीच राहणारी: क्रँकची बेअरिंगं. क्लच दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सची बेअरिंगं.

चढावर, कमी वेगात, मोठ्या गिअरमध्ये काचेची खडी हलवल्यासारखी किणकिण: हे झीज नसून नॉकिंग आहे. पिस्टनवर साठलेला कार्बन, पातळ मिश्रण किंवा चुकीचा प्लग अशी कारणं असतात. याकडे दुर्लक्ष केलं तर काही महिन्यांत खरोखरीची झीज होते.

टॅपेट: मुकं इंजिन चांगलं नव्हे

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, सुरू न करता हे काम करा. प्लग काढा. डाव्या कव्हरवरची दोन्ही झाकणं काढा, मधलं आणि टायमिंगचं. हेडवरच्या वरच्या आणि खालच्या टॅपेट कॅप सतराच्या पान्याने उघडा. खालच्या कॅपमधून थोडं ऑइल सांडतं, फडकं धरा. मॅग्नेट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवत 'टी' खूण समोर आणा. त्या क्षणी दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. एकही ताठ असेल तर तुम्ही एक्झॉस्टच्या फेरीवर आहात, पूर्ण एक फेरा आणखी फिरवा.

जुन्या स्प्लेंडर आणि सीडी १०० ला दोन्ही व्हॉल्व्हचा गॅप ०.०५ मिमी. नंतरच्या काही मॉडेलांत वेगळा दिलेला आहे, त्यामुळे आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच आकडा धरा. ०.०५ चं पान हलक्या ओढीने सरकलं पाहिजे, लोण्यातून सुरी फिरावी तसं. नऊच्या पान्याने लॉक नट सैल करा, चावीने अॅडजस्टर बसवा, चावी घट्ट धरून नट आवळा आणि पुन्हा मोजा. नट आवळताना अॅडजस्टर फिरतोच, म्हणून दुसरं मोजणं टाळू नका.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. आवाज बंद करायला टॅपेट आवळून टाकणं ही गाडीची फसवणूक आहे. गॅप शून्य झाला की इंजिन छान मुकं होतं, पण तापल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंडावा मिळतो तो सीटवर टेकल्यावरच. तो मिळाला नाही की व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि हेडचं काम गळ्यात पडतं. किंचित टिकटिक करणारं इंजिन आवळलेल्या मुक्या इंजिनापेक्षा कधीही बरं.

गॅप बरोबर ठेवूनही टिकटिक जात नसेल तर अॅडजस्टरचं टोक बघा. व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपटून-आपटून त्याला वाटीसारखा खड्डा पडतो. फीलर गेजचं सपाट पान त्या खड्ड्याच्या कडांवर टेकतं, आत जात नाही. त्यामुळे गेज ०.०५ दाखवतं आणि खरा गॅप दुप्पट-तिप्पट असतो. असे अॅडजस्टर बदला, ते स्वस्त असतात. कॅमवर टेकणारा रॉकरचा भाग सोललेला दिसला तर रॉकर आणि कॅम दोन्ही बदलायचे. एक जुना ठेवला तर तो नव्याला खातो.

टायमिंग चेन

टेन्शनर खालून आहे. क्रँककेसच्या डाव्या खालच्या बाजूच्या मोठ्या बोल्टमागे स्प्रिंग आणि पुश रॉड असतो. ट्रे खाली ठेवून बोल्ट काढा. पुश रॉडच्या डोक्यावरचं रबर चिरलेलं, चेपलेलं किंवा गळून पडलेलं असतं आणि खरखर बहुतेक तिथूनच सुरू होते. पुश रॉड आणि स्प्रिंग नवे टाकून बघा. यात इंजिनाचा एकही मोठा जोड उघडत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर चेन लांबलीय की नाही ते तपासा. कॅम स्प्रॉकेटचं गोल कव्हर काढा, मॅग्नेटची 'टी' खूण नेमकी जुळवा आणि स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर येते का बघा. अर्ध्या दातापेक्षा जास्त मागे पडली असेल तर चेन संपली. मग चेन, दोन्ही रबरी रोलर, पुश रॉड आणि स्प्रिंग असा पूर्ण संच एकदम बदला. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले असतील तर तेही. त्यासाठी मॅग्नेट पुलर लावून काढावं लागतं आणि त्यामागची कॉइल प्लेट सोडावी लागते, पण क्रँककेस फोडायची गरज नाही. कुणी नुसत्या टायमिंग चेनसाठी फुल इंजिन सांगत असेल तर दुसऱ्याकडे जा.

कॉम्प्रेशन आणि धूर

इंजिन गरम करा, प्लग काढून गेज बसवा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा किका मारा. ढोबळमानाने १५० पीएसआयच्या वर असेल तर बोअर-रिंग-व्हॉल्व्ह ठीक आहेत. १०० च्या आसपास आला तर कुठेतरी गळती आहे. अॅक्सिलरेटर उघडा न ठेवता घेतलेला आकडा निरुपयोगी असतो.

गळती रिंगांची की व्हॉल्व्हची हे बघायला प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. उभ्या सिलिंडरला ही युक्ती छान चालते. इथे सिलिंडर आडवा असल्यामुळे ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि रिंगांच्या वरच्या भागाला पोचत नाही. म्हणून ऑइल घातल्यावर प्लगच्या भोकावर फडकं धरून चार-पाच वेळा हळू किक फिरवा आणि मगच गेज लावा. आकडा चांगला चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

त्याहून खात्रीची पद्धत हवेची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, टॉप गिअर टाका, मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगा आणि प्लगच्या भोकात अॅडाप्टर लावून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आला तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा आणि बोअर. गिअर आणि ब्रेक विसरलात तर क्रँक झटक्याने फिरतो, हात दूर ठेवा.

निळा धूर फक्त सकाळी सुरू करताना किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर येत असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड. रेस देताना सतत येत असेल तर रिंगा आणि बोअर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्यासाठी इंजिन खोलायचं नसतं. ऑइल किती जळतं हे अंदाजाने सांगू नका. लेव्हल वरच्या खुणेला भरा, ५०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत यायला किती मिली घालावं लागलं ते मोजून लिहून ठेवा. ७५० मिलीच्या इंजिनात ५०० किलोमीटरला १५० मिली जळत असेल तर काम टाळू नये, कारण मालक विसरला की इंजिन सीझ होतं.

रॉड: सगळा निर्णय इथे अडतो

ब्लॉक उतरवण्याआधी एक चाचणी करून घ्या. प्लग काढा, पिस्टन निम्म्या अंतरावर आणा आणि प्लगच्या भोकातून विणकामाची लांब प्लास्टिकची सुई पिस्टनवर टेकवा. उदबत्तीची काडी वापरू नका, ती आत तुटते. मॅग्नेट अगदी थोडं मागेपुढे हलवा. सुई लगेच हलली पाहिजे. मॅग्नेट थोडं मोकळं फिरलं आणि मग टक् करून सुई हलली तर रॉडच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे.

ब्लॉक उतरवल्यावर खरी तपासणी होते. पिस्टन काढा, रॉड वरच्या टोकाला आणा, दोन बोटांनी धरून त्याच्या लांबीच्या दिशेने ओढा आणि दाबा. इथे काहीही जाणवता कामा नये. ऑइलमुळे टक् दबून जाते, म्हणून आधी थोडं पेट्रोल मारून बेअरिंग धुऊन घ्या आणि तपासणी झाल्यावर लगेच ऑइल घाला. बिग एंडच्या उभ्या प्लेची मर्यादा ०.०५ मिमी आहे. हाताला स्पष्ट टक् लागली म्हणजे ती ओलांडली असंच समजा.

रॉड बाजूला हलतो, त्याला घाबरू नका. बिग एंडला बाजूचा गॅप नव्या इंजिनातही ०.१० ते ०.३५ मिमी असतो, मर्यादा ०.६० मिमी. "बघा, रॉड किती हलतोय" असं म्हणून बाजूला हलवून दाखवलं जातं आणि फुल इंजिनचं बिल होतं. तुमच्यासमोर ओढून-दाबून दाखवायला सांगा, आणि बाजूचा गॅप फीलर गेजने मोजायला लावा.

मग हाफ, फुल की काहीच नाही

कॉम्प्रेशन चांगलं, धूर नाही, रॉड घट्ट, चुंबक स्वच्छ: इंजिन खोलू नका. टॅपेट, टायमिंग चेन, क्लच यांतलं जे असेल ते करा. लाखभर किलोमीटर झालेत म्हणून खोलायचं, हे कारण होत नाही. बसलेले जोड विनाकारण उघडले की गळत्या सुरू होतात.

व्हॉल्व्ह गळतात पण रिंगा ठीक: फक्त हेड. व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं), नवे सील, गाइडला प्ले असेल तर गाइड. लॅपिंगनंतर हेड उलटं धरून चेंबरमध्ये पेट्रोल भरा आणि दहा मिनिटं ठेवा. पोर्टमधून थेंब आला तर पुन्हा घासा.

रिंगा-बोअर गेले, रॉड घट्ट: हाफ इंजिन, म्हणजे क्रँककेस न फोडता फक्त वरचं ब्लॉक-पिस्टनचं काम. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून घ्या. निमुळतेपणा किंवा लांबटपणा ०.१० मिमीवर गेला, किंवा पिस्टन आणि बोअरमधला गॅप ०.१० मिमीवर गेला तर नुसत्या रिंगा टाकून उपयोग नाही. झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा टाकल्या की दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये धूर परत येतो आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते.

रॉडला प्ले: फुल इंजिन, मधला मार्ग नाही. सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ढिला रॉड तसाच ठेवून वर नवा ब्लॉक-पिस्टन बसवणं. नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन वाढतं, त्याचा सगळा मार आधीच सोललेल्या बेअरिंगवर येतो आणि थोड्याच दिवसांत आवाज दुप्पट होऊन परत येतो. त्या वेळी नवा पिस्टनही धातूच्या कणांनी ओरखडलेला असतो.

क्रँककेस फोडलीच तर रॉड किट, क्रँकची दोन्ही बेअरिंगं, सगळी ऑइल सील आणि पॅकिंगचा पूर्ण संच बदला. गिअरबॉक्सची बेअरिंगं बोटावर फिरवून बघा आणि गिअरचे डॉग (एकमेकांत अडकणारे दाते) गोल झालेत का तपासा. क्रँकमध्ये रॉड प्रेसने बसवल्यावर दोन्ही बाजू एका रेषेत आणाव्या लागतात. लेथवाल्याकडून क्रँक परत घेताना सेंटरवर फिरवून डायल गेज लावून मागा. ०.१० मिमी ही मर्यादा आहे, चांगला कारागीर ०.०३ च्या आत देतो. डायल गेज लावून न दाखवता क्रँक हातात देणाऱ्याकडे काम टाकू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कोणत्याही तालुक्याच्या चांगल्या लेथवर हे काम होतं. सुटे भाग घ्यायला पुण्यात नाना पेठ आहे, पण रॉड किट, बेअरिंगं आणि टायमिंग चेन कंपनीचीच घ्या. पैसे वाचवायचे तर कव्हर आणि फूटरेस्टवर वाचवा.

खर्चाचा हिशेब गाडीच्या आजच्या किमतीवर मांडा. फुल इंजिनचा लेखी अंदाज घ्या: भागांची यादी, लेथची मजुरी, बांधणीची मजुरी वेगवेगळी. ती रक्कम चालू स्थितीतल्या तशाच गाडीच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होत असेल, आणि वर टायर, चेन-स्प्रॉकेट, फोर्कचं कामही आलं असेल, तर गाडी आहे तशी विकणं शहाणपणाचं. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली असेल तर आरटीओचा खर्चही त्यात धरा. चासी सरळ आहे, गंज नाही, कागद स्वच्छ आहेत, तर मात्र नीट बांधलेलं हे इंजिन पुन्हा अनेक वर्षं चालतं आणि आमच्या मते तो पैसा सार्थकी लागतो. भंगारातून तयार इंजिन आणून बसवू नका. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. तो आरसीशी जुळला नाही की विमा, विक्री, पोलीस सगळीकडे अडचण होते.

बांधताना आणि त्यानंतर

आधी पिस्टन विकत घ्या, मग बोअर करा. पिस्टनच्या मापाला बोअर केला जातो, उलट नव्हे. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा टप्प्यांनी मिळतात. शेवटच्या टप्प्यावर पोचलेला ब्लॉक पुन्हा बोअर होत नाही, तिथे स्टँडर्ड पिस्टनसह नवा ब्लॉक किट घेणं सोपं. होनिंग (बोअर आतून दगडाने घासणं) झालेला ब्लॉक फक्त पेट्रोलने धुऊ नका. गरम पाणी, साबणाची पूड आणि ब्रश घेऊन घासा, पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत. होनिंगच्या दगडाची पूड रेघांमध्ये बसते आणि ती राहिली तर नव्या रिंगा पहिल्याच आठवड्यात झिजतात. धुतल्या-धुतल्या कोरडा करून ऑइलचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंजाचा रंग चढतो.

रिंग पिस्टनच्या डोक्याने बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या तोंडाचा गॅप मोजा. ०.५ मिमीवर असेल तर ती रिंग नको. खुणेची बाजू वर, तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर. पिस्टनवरची 'इन' खूण कार्बोरेटरकडे, म्हणजे या इंजिनात वर. पिनचे सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या कड्या) नेहमी नवे. ते बसवताना क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद करा, कारण आत पडलेली सर्क्लिप काढायला केस फोडावी लागते. हेडच्या एका स्टडवर तांब्याचा वॉशर असतो, तिथून ऑइल वर जातं. खोलताना फोटो काढून ठेवा आणि तो त्याच स्टडवर परत बसवा. चुकला तर पहिल्याच दिवशी हेड ऑइलने भिजतं. हेडचे नट आडव्या-तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तिकेतल्या टॉर्कवर.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून वीसेक किका मारा, म्हणजे ऑइल वर चढतं. वरची टॅपेट कॅप उघडी ठेवून रॉकर ओले झालेत का ते बघा. कोरडे असतील तर सुरू करू नका, कारण शोधा. पहिले ५०० किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवू नका, वेग कमी-जास्त करत राहा, ४५ च्या वर नेऊ नका. मोठ्या गिअरमध्ये कुंथत चढही चढवू नका. दुधाचे कॅन किंवा दोन माणसं पहिल्या महिन्यात नकोत. ५०० किलोमीटर झाल्यावर ऑइल काढा आणि पुन्हा ट्रेमध्ये चुंबक फिरवा. या वेळी थोडे जास्त कण दिसतीलच, ते नव्या भागांचे. पुढच्या बदलीत ते लक्षणीय कमी झाले पाहिजेत. त्याच वेळी हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा. नवे व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातात आणि गॅप कमी होतो, म्हणून बांधल्यानंतर आवाज कमी-कमी होत गेला तर खुश व्हायच्या आधी फीलर गेज घाला.